थोरली टेम्पोत कशी चढली

आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी विचारायला नको. कुलूप तुटलं नाही, खिडकी फुटली नाही, कुणी सुरा दाखवला नाही. भरदुपारी तीन वाजता आमच्या घरच्या शहाण्या माणसांनी स्वतःच्या हातांनी सगळी वाद्यं चोराच्या टेम्पोत चढवून दिली. दिली ती दिली, नीट रचायची कशी ते शिकवलं, आणि वर त्याला चहा पाजला. चहाबरोबर बिस्किटंही होती. हे बिस्किटांचं मला आठ दिवसांनी कळलं.

आमचे हे डबल बास वाजवतात. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: व्हायोलिन असतं ना, तेच, पण माणसाहून उंच आणि पोटानं कपाटाएवढं. उभं राहून वाजवावं लागतं. त्याचा आवाज चालू असताना कुणाच्या लक्षातही येत नाही, थांबला की मात्र सगळे इकडेतिकडे बघायला लागतात. हा बास माझ्या आधी या घरात आला, म्हणून त्याचं नाव थोरली. मी धाकटी. लग्न होऊन आले तेव्हा दोन खोल्यांतली बरी जागा थोरलीला दिलेली होती आणि एकतीस वर्षं झाली, अजून तिचीच आहे. तिला ऊन सोसत नाही म्हणून ती आतल्या भिंतीला, आणि आमची खाट खिडकीत, भर उन्हात.

आणि यांचा स्वभाव! सकाळी डोळा उघडला की सूचना सुरू. गॅसची कळ एकदम फिरवू नकोस. ओली छत्री दांडा वर करून ठेव. कपाचा कान भिंतीकडे कर, येताजाता धक्का लागतो. एकदा शेजारीण तिचं तान्हं दाखवायला आली, तर बाळाच्या मानेखाली हात कसा घालायचा ते यांनी तिला समजावून सांगितलं. तिचं ते चौथं होतं. यांच्या ताफ्यातले लोक यांना तोंडावर दादा म्हणतात आणि पाठीमागे काळजीवाहू. आम्ही सगळे ‘हो हो’ म्हणतो आणि आपल्याला हवं तेच करतो. एकतीस वर्षांत यांचं एक वाक्य कुणी मनावर घेतलं असेल तर शपथ.

थोरलीची खोळ मी शिवली. मी शिवणकामच करते, जाड पडद्याचं कापड होतं, आत कापूस घातला. चेन लावते म्हटलं तर म्हणाले, “चेनीच्या दातानं लाकडाला ओरखडा जातो. बटणं लाव.” अकरा बटणं लावली. आता मला सांगा, अकरा बटणं रोज कोण लावतं? मी चार लावते. भावजी, म्हणजे यांचे धाकटे बंधू, दोन लावतात. हे मागून येऊन उरलेली लावतात आणि पुटपुटतात, “लोक ऐकत नाहीत.”

तर ताफा चौघांचा. हे, क्लॅरिनेटवाले भावजी, ड्रमवाला पसारा, आणि पियानोवाले काका. पसारा हे त्याचं खरं नाव नाही, पण त्याचं सामान एकदा पाहिलं की दुसरं नाव सुचत नाही. एका हॉटेलच्या मोठ्या दालनात हे लोक रोज संध्याकाळी सहा ते नऊ वाजवतात. लोक खातात, गप्पा मारतात, हे वाजवतात. हॉटेलच्या मॅनेजरच्या डोळ्यांत हे चौघं कधीपासून खुपतात. त्याला भिंतीत स्पीकर बसवायचे आहेत. स्पीकर जेवायला मागत नाहीत, असं तो एकदा माझ्यासमोरच म्हणाला होता.

त्या मंगळवारी दालनाला रंग लावायचं ठरलं. तीनच्या आत सामान हलवा, शनिवारी संध्याकाळी दालन पुन्हा उघडणार, असा हुकूम मॅनेजरनं मागच्या दारावर, येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही दिसेल असा चिकटवला. पियानो हॉटेलचा, तो चादर घालून तिथेच राहिला. बाकीचं आमच्याकडे आणायचं ठरलं. पसाऱ्यानं फोन करून टेम्पो सांगितला. मी बिचारी इकडे शिलाईचं मशीन मोरीच्या दारात सरकवून जागा करून बसले.

पावणेतीनला मागच्या दाराशी टेम्पो लागला. एक बारीक माणूस उतरला, टोपी कपाळावर ओढलेली, आणि म्हणाला, “सामान कुठंय?”

झालं. कुणी विचारलं का, बाबा तू कोण? कुणी पाठवलं? आमच्या ह्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला: “याआधी बास उचललाय कधी?”

तो म्हणाला, “नाही.”

“मग नीट ऐक,” हे म्हणाले.

पुढची हकीकत मला तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितली, पण एका गोष्टीवर तिघांचं एकमत आहे. तो माणूस घाईत होता. हे मात्र घाईत नव्हते. आधी त्याला थोरलीची ओळख करून दिली. ही मान. मानेला धरून उचलायचं नाही, पोटाखाली हात घालायचा. पाठीवर झोपवायची नाही, पोटावर तर नाहीच नाही, कुशीवर ठेवायची. खाली गोधडी. आत ओलं फडकं सोडायचं, म्हणजे लाकूड तडकत नाही. आणि सगळ्यांत मोठं: चारही तारा एकदम सैल करायच्या नाहीत. पोटात एक लहानशी लाकडी दांडी नुसत्या दाबावर उभी असते. तारा एकदम सुटल्या की दांडी पडते, आणि दांडी पडली की थोरली मुकी.

तो माणूस मान डोलवत होता आणि रस्त्याकडे बघत होता. सगळं चढवून झाल्यावर ह्यांच्या लक्षात आलं की ड्रम खाली आणि थोरली वर झालीय. सगळं उतरवलं. पुन्हा चढवलं. दुसऱ्यांदा पसाऱ्याच्या झांजा थोरलीच्या अंगाला लागत होत्या. पुन्हा उतरवलं. म्हणजे बघा, चोरी करायला आलेल्या माणसाला आमच्या ह्यांनी पाऊण तास राबवून घेतलं. त्याला दरदरून घाम सुटला तेव्हा ह्यांना दया आली आणि चहा मागवला. मेल्यानं घाईघाईत प्यायला आणि जीभ भाजून घेतली.

बरं, एकानं तरी टेम्पोत बसायचं! तर नाही. मागे कुणी बसलं तर वजन एका बाजूला जातं आणि थोरली घसरते, हे ह्यांचं म्हणणं. पुढच्या सीटवर पसाऱ्याचा छोटा ड्रम पट्टा लावून बसवलेला. भावजींची क्लॅरिनेटची पेटी त्याच्या मांडीवर, म्हणजे ड्रमच्या. ह्यांनी घराचा पत्ता सांगितला, “खड्ड्यातून हळू घे” म्हणाले, आणि तिघं बसनं निघाले.

साडेचारला तिघं घरी आले. मी म्हटलं, “सामान?”

“येईल,” हे म्हणाले. “हळू चालव म्हणून सांगितलंय.”

पाच वाजले. हे खूश. म्हणाले, पहिल्यांदाच कुणीतरी खरंच हळू चालवतोय. सव्वापाचला पसाऱ्याचा फोन वाजला. सांगितलेला टेम्पोवाला बोलत होता. उशीर झाला म्हणून माफी मागत होता, आणि विचारत होता, हॉटेलच्या मागच्या दारी उभा आहे, सामान कुठंय?

पसारा मटकन खाली बसला. भावजी म्हणाले, “वहिनी, पाणी.” हे दारात जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले.

पोलीस ठाण्यात मी स्वतः गेले बरोबर, कारण या तिघांचा भरवसा नव्हता. साहेबांनी विचारलं, चोर दिसायला कसा होता? तिघं एकमेकांकडे बघायला लागले. तिघांपैकी एकानंही त्याचं तोंड पाहिलेलं नाही! पाऊण तास समोर होता! हे फक्त त्याचे हात बघत होते. साहेबांना म्हणाले, “बोटं लांब आहेत. मनगटात जोर चांगला. लहानपणी कुणी शिकवलं असतं तर बास वाजवला असता.”

साहेबांनी विचारलं, गाडीचा नंबर? नंबर नाही. रंग? एक म्हणाला निळा, एक म्हणाला हिरवा. “मग गाडीबद्दल काहीच सांगता येणार नाही का?” भावजींचा चेहरा उजळला. म्हणाले, “येईल ना. इंजिन काळी चारमध्ये घरघरत होतं.”

“काळी चार कुठली?” पसारा म्हणाला. “पांढरी पाच होती.”

“तुला सूर कधीपासून कळायला लागला?”

“अहो, माझ्या कानाशी उभी होती गाडी!”

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार, मी जमिनीकडे पाहिलं.

बुधवारी जुन्या सामानाची सगळी दुकानं पालथी घातली. काही नाही. गुरुवारी मॅनेजरचा फोन. आवाजात नुसता आनंद. शनिवारी सहाला चौघं आपापल्या वाद्यांसकट उभे नसाल, तर रविवारपासून भिंतीत स्पीकर. पियानोवाले काका धीर द्यायला घरी आले. “म्हणून मी पियानो घेतला,” म्हणाले. “कोण नेणार उचलून?” मी त्यांना चहा विचारला नाही.

भावजींनी कुणाकडून तरी क्लॅरिनेट मागून आणली, पसाऱ्यानं अर्धेमुर्धे ड्रम जमवले. यांनाही एक बास मिळत होता. यांनी नुसती मान हलवली. नको.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मंगळवारी ठाण्यातून आल्यापासून हा माणूस बोललेलाच नाही. मी गॅसची कळ खाडकन फिरवली. गप्प. कपाचा कान मुद्दाम बाहेर करून ठेवला. गप्प. आतल्या भिंतीशी, थोरलीच्या रिकाम्या जागेसमोर खुर्ची टाकून बसून राहायचे. मी एकतीस वर्षं देवाकडे मागत होते, की या माणसाला एक दिवस मौन धरायला लाव. तीन दिवस मिळालं आणि माझ्या जिवाला चैन पडेना. शेवटी मी ओरडले, “अहो, काहीतरी बोला!”

“काय बोलू?” हे म्हणाले. “बोलण्यानंच गेली ती. मी माझीच टकळी चालवत बसलो. त्याला नाव विचारायचं सुचलं नाही मला. आता बस झालं. नाही बोलणार.”

मला खरंच रडू आलं. बास गेला तर दुसरा येईल, हॉटेल गेलं तर मी दोन पोलकी जास्त शिवीन. पण हा असा मिटलेला माणूस घेऊन मी म्हातारपण कसं काढायचं?

शुक्रवारी दुपारी फोन आला. वाद्यं दुरुस्त करणारे मिस्त्री बोलत होते. थोरलीची नस न् नस ओळखणारा हा दुसरा माणूस.

“वहिनी,” मिस्त्री म्हणाले, “दुकानात एक जण आला होता. विचारत होता, मोठ्या व्हायोलिनच्या पोटात ओलं फडकं सोडतात ते रोज बदलायचं की दिवसाआड?”

मी खुर्चीत बसले.

“मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं फडक्याचं? तर म्हणाला, मालकानं. मग हळूच म्हणतो, आतली दांडी पडलीय हो. मी नाही पाडली. गिऱ्हाईक बघायला आलं होतं, त्यानं चारही तारा एकदम सोडल्या. मी त्याला सांगत होतो, एकेक सोड, एकेक सोड. लोक ऐकत नाहीत.”

“काय म्हणाला?”

“लोक ऐकत नाहीत. वहिनी, या अख्ख्या गावात हे वाक्य म्हणणारा मला एकच माणूस माहितीये. त्याला उद्या दहाला वाद्य घेऊन बोलावलंय.”

शनिवारी सकाळी मिस्त्रींच्या दुकानात आम्ही नऊलाच हजर. साहेब साध्या कपड्यांत, वर मिस्त्रींचा सरसाचे डाग पडलेला एप्रन. आम्ही नवराबायको आतल्या पडद्यामागे, लाकडाच्या भुशात उभे. साहेबांनी ह्यांना बजावलं होतं, “काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. त्याला संशय आला तर गाडी वळवून निघून जाईल, मग माझ्याकडे येऊ नका.” मी म्हटलं, “साहेब, काळजी करू नका, हे हल्ली बोलत नाहीत.”

दहाला पाच कमी असताना टेम्पो दुकानाला मागून लागला. रंग राखाडी होता, ते सोडा. तो बारीक माणूस उतरला, डोळे तांबारलेले. मागची फळी पाडली. पडद्याच्या फटीतून मला दिसलं आणि माझा हात तोंडावर गेला. थोरली कुशीवर ठेवलेली होती. खाली जाड गोधडी. दोन्ही बाजूंना उशा, आणि त्यांतल्या एका उशीला झालरीचा अभ्रा. पलीकडे ड्रम, त्यांना थोरलीचा धक्का लागू नये म्हणून मधे चटई. आणि माझी खोळ. मी मोजली, सवयच आहे मला. अकराच्या अकरा बटणं लावलेली. आमच्या घरात ह्यांच्याशिवाय हे काम कुणी कधी केलं नाही.

साहेब पुढे झाले. “आणा, मी उतरवतो,” म्हणाले, आणि थोरलीची मान धरून खेचली.

“मानेला धरू नका! पोटाखाली हात घाला!”

दोघंही ओरडले. एकाच वेळी, एकाच सुरात. बाहेरून चोर आणि पडद्यामागून आमचे हे. साहेब इतके दचकले की त्यांनी खरंच पोटाखाली हात घातला. चोरानं पडद्याकडे पाहिलं. आवाज ओळखला बिचाऱ्यानं. पळायला रस्ता मोकळा होता, साहेबांचे दोन्ही हात थोरलीनं अडवलेले. पण तिची दुसरी बाजू हा धरून उभा होता. सोडली असती तर ती पडली असती. त्यानं सोडली नाही. दोघांनी मिळून तिला आत आणलं, कुशीवर ठेवलं, आणि मग साहेबांनी त्याचा दंड धरला.

“चार रात्री झोप नाही, साहेब,” तो म्हणाला. “डोळा लागला की या काकांचा आवाज येतो. फडकं वाळलं, फडकं वाळलं. घेऊन जा एकदाची.”

हे पडद्याबाहेर आले. अंगभर भुसा. मला वाटलं, आता एक ठेवून देतात. यांनी थोरलीभोवती एक फेरी मारली, वाकून बटणं पाहिली, उशी पाहिली.

“बरोबर ठेवलीस,” हे म्हणाले.

“तुम्हीच सांगितलं होतं ना,” चोर म्हणाला.

“सांगतो मी सगळ्यांनाच.” यांनी खोळीची एक सुरकुती सरळ केली. “तू ऐकलंस.”

मिस्त्रींनी दोन तासांत दांडी उभी केली. साहेबांनी पंचनामा केला, तीन ठिकाणी सह्या घेतल्या, हॉटेलचा पत्ता लिहून घेतला आणि सामान ताब्यात दिलं. पसाऱ्याच्या सामानात झांजा अडकवायची एक घोडी जास्तीची निघाली, कुणा दुसऱ्याची चोरलेली. पसारा तिच्याकडे इतक्या प्रेमानं बघायला लागला, की साहेबांनी ती आधी बाजूला काढून ठेवली. सहाला पाच मिनिटं असताना चौघं नव्या रंगाच्या वासात उभे राहिले. मॅनेजर दारात आला, एक, दोन, तीन, चार मोजले आणि परत गेला. त्या दिवशी मीही एका टेबलाशी बसून शेवटपर्यंत ऐकलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. बासचा आवाज कुठे असतो ते मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांच्या खाली असतो, आणि सगळे त्याच्यावर उभे असतात.

मधल्या सुट्टीत हे माझ्या टेबलाशी आले. खाली बघत म्हणाले, “अगं, एक विचारू? मी जे सांगत असतो ते ऐकण्यासारखं असतं ना? मला वाटायचं, मीच वेडा.”

“असतं,” मी म्हटलं.

पण हे एवढंच बोलले. कार्यक्रम संपला, भावजी क्लॅरिनेट भलत्याच पेटीत कोंबत होते, पसाऱ्यानं ड्रमवर ड्रम चढवला होता, आणि हे गप्प. नुसते बघत उभे. आता नाही बोलणार म्हणाले होते, ते मनावर घेतलेलं दिसत होतं.

मी उठले. खोळ घेतली आणि थोरलीला घातली. एक बटण लावलं, दुसरं, तिसरं, चौथं. चौथ्यावर मी नेहमी थांबते. त्या दिवशी थांबले नाही. आठ, नऊ, दहा. दहावं लावलं, हात झटकले, पर्स खांद्याला अडकवली आणि म्हटलं, “चला, झालं.”

हे बासकडे बघत होते. मग माझ्याकडे. मग पुन्हा बासकडे. मी दाराकडे दोन पावलं टाकली, अगदी हळूहळू.

“अगं,” मागून आवाज आला, “ते खालचं एक राहिलंय.”

“दिसतंय मला!” मी खेकसले, आणि डोळे पुसत मागे फिरले.

“खालून वर लाव. वरून लावलंस तर कापड चुरगळतं. आणि पर्स आधी बाजूला ठेव, तिची कडी लागेल लाकडाला...”

मी पर्स बाजूला ठेवली, खाली बसले आणि अकरावं बटण लावलं.